बंगळुरूतील ऱ्होडोडेंड्रॉन : जमिनीत नव्हे, कुंडीत

उत्तराखंडचा राज्यवृक्ष बुरांश म्हणजेच ऱ्होडोडेंड्रॉन. त्याची दक्षिणेतील उपजात निलगिरीच्या गवताळ उतारांवर लाल फुलांनी बहरते. परंतु उदगमंडलम सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि बंगळुरू केवळ ९२० मीटरच्या आसपास. माणसाला सुखावणारा बंगळुरूचा गारवा या झाडाला पुरत नाही.

याच कुळातील ठेंगणे अझेलिया उष्मा थोडा अधिक सोसते. रोपवाटिकेतून फुललेले आणलेले हे रोप बहुधा एक-दोन उन्हाळ्यांत मरते आणि दोष उन्हाला दिला जातो. खरे कारण अनेकदा पाण्यात असते. याची मुळे केसासारखी बारीक असून वरच्या पालापाचोळ्याच्या थरातच पसरतात, त्यांना ४.५ ते ६ सामूची आम्लधर्मी माती लागते. बंगळुरूची तांबडी माती त्या मानाने अनुकूल. पण कूपनलिकेच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट तिचा सामू हळूहळू वाढवते. मग मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी युरिया देणे व्यर्थ.

रोप विकत घेण्यापूर्वी परसातील एक्झोरा पाहावा. त्याची कोवळी पाने अशीच पिवळी असतील, तर अझेलिया तेथे लावू नये. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर हा विचारच सोडावा.

हौस असल्यास कुंडी बरी. पानांचे कुजलेले खत, धुतलेले कोकोपीट व सालीचे तुकडे यांचे मिश्रण भरावे. चुना, राख, हाडांचे खत टाळावे. साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. सकाळचे ऊन व दुपारची सावली हवी. मुळे उथळ असल्याने खुरपणी न करता आच्छादन करावे. पुढील हंगामाच्या कळ्या नव्या फुटीवर धरतात, म्हणून छाटणी फुले ओसरताच उरकावी.

सार्वजनिक उद्यानासाठी एवढा खटाटोप परवडणारा नाही. बडोदा संस्थानात काम करून १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आलेले उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी बंगळुरूत हवामान मानवणारी झाडे निवडली. एकाचा बहर ओसरताच दुसऱ्याचा यावा, अशी त्यांची मांडणी होती. झुडपांतही जास्वंद, बोगनवेल हाच मार्ग दाखवतात. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने दोन्हींचे वाण विकसित केले आहेत.

अझेलियाची पाने शेळ्या-मेंढ्यांना विषारी असतात. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत.