वाफेवरचा हक्क

जुन्या वाफेच्या इंजिनात दर फेरीला तापलेल्या सिलिंडरमध्येच गार पाणी फवारत. कोळसा अक्षरशः पाण्यात! जेम्स वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, 1769 मध्ये पेटंट घेतलं आणि ब्रिटिश संसदेकडून 1800 पर्यंत मुदत वाढवून घेतली. त्या भरवशावर त्याचा भागीदार, उद्योजक बोल्टनने पैसा ओतला. हे इंजिन वापरणाऱ्या कॉर्नवॉलच्या खाणमालकांना मात्र जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीतला एक तृतीयांश वाटा द्यावा लागे. हॉर्नब्लोअर या इंजिनिअरचं दोन सिलिंडरांचं इंजिन या पेटंटपायी रखडलं.

गंमत म्हणजे वॉटही अडकला. पुढेमागे होणारी हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याचं, म्हणजे क्रँकचं पेटंट 1780 मध्ये पिकार्ड नावाच्या दुसऱ्याच माणसाने घेतलं होतं. साधी, जुनीच युक्ती. पण ती टाळायला वॉटला एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरवण्याची आडवाट शोधावी लागली.

पेटंटने भांडवल आणलं, हे खरं. वाढीव वर्षं मला अतीच वाटतात. पेटंट संपल्यावर, 1811 पासून, कॉर्नवॉलमध्ये कोणतं इंजिन किती कोळशात किती काम करतं याचे आकडे दरमहा छापले जाऊ लागले. इंजिनिअर एकमेकांचं पाहून सुधारणा करत गेले. ट्रेव्हिथिक या इंजिनिअरने तर 1812 च्या आपल्या कॉर्निश इंजिनाचं पेटंट घेतलंच नाही.