भाजलेल्यांना कृत्रिम त्वचेचा आधार

मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या जिवाला धोका असतो तो शरीरातील द्रव झिरपून जाण्याचा आणि जंतुसंसर्गाचा. जखम झाकण्यासाठी त्याची स्वतःची निरोगी त्वचाही पुरेशी उरत नाही. यावर अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. जॉन बर्क आणि ‘एमआयटी’चे प्रा. आयोनिस यानास यांनी कृत्रिम त्वचा विकसित केली. रुग्णांवरील तिच्या यशस्वी वापराची माहिती त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा वरचा थर सिलिकॉनचा, तर खालचा गाईपासून मिळवलेले कोलॅजेन हे प्रथिन आणि शार्कच्या कूर्चेतील घटक यांचा असतो. या सच्छिद्र थरात रुग्णाच्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात, नवी अंतस्त्वचा तयार होते आणि मूळ थर विरून जातो. सुमारे ३ आठवड्यांनी सिलिकॉन काढून रुग्णाच्याच त्वचेचा अगदी पातळ पापुद्रा तेथे लावला जातो. अमेरिकेत १९९६ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. मात्र, अशा त्वचेवर केस उगवत नाहीत आणि तिला घामही येत नाही.