वनातील विवाह

कार्तिकात संध्याकाळी काशीच्या पंचगंगा घाटावर उतरणाऱ्या माणसाचे लक्ष पाण्याकडे जाण्यापूर्वी वर जाते. उंच बांबूंच्या शेंड्यांना दोरीने चढविलेल्या टोपल्या आणि त्यांत मंद तेवणारे दिवे, हे ते आकाशदीप. खाली अहिल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ, वर औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने उभे राहिलेले बिंदुमाधवाचे देऊळ आणि आसपास दुर्गाघाट, ब्रह्माघाट यांच्या बोळांतून अजूनही कानी पडणारे मराठी शब्द. गेल्या वर्षी सरकारी कामानिमित्त काशीस गेलो असता याच पायऱ्यांवर बसून मी माझ्या पुतणीचे पत्र वाचले.

पत्र चारच ओळींचे होते. "काका, मला लग्न कार्यालयात करायचे नाही. झाडांखाली, मोकळ्यावर, आपली माणसे बोलावून करायचे आहे. आजी रागावली आहे आणि बाबा गप्प आहेत. तुम्ही काहीतरी सांगा." पत्र आले की त्यावर टिपण लिहावयाचे ही आमची जन्माची सवय. मात्र या टिपणाला पूर्वपीठिका कोठून आणावी, हा प्रश्न होता.

ती जवळच सापडली. पंचगंगा म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम. यांपैकी धूतपापेची कथा काशीखंडात आली आहे. वेदशिरा ऋषींची ही कन्या तप करीत असता धर्म तेथे आला आणि त्याने तिला गांधर्वविवाहाची गळ घातली. ती म्हणाली, माझ्या वडिलांना विचारा. त्याने ऐकले नाही. तिने त्याला शाप दिला, तो नद झाला. त्याने उलट शाप दिला, ती शिळा झाली. पित्याने मग तिला चंद्रकांत शिळा केले आणि चंद्रोदयी पाझरणारी ती शिळा पुढे धूतपापा नदी झाली. ज्या घाटावर मी माझ्या पुतणीच्या रानातल्या लग्नाचा विचार करीत होतो, तो घाटच मुळी रानात न लागलेल्या एका लग्नाची आठवण होता, याचे मला हसू आले.

धूतपापेने वनाला नकार दिलेला नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ती स्वतःच वनात राहणारी होती. तिचा आक्षेप होता तो साक्षीवाचून होणाऱ्या विवाहाला. कण्वाच्या आश्रमातील शकुंतलेची गत आपण जाणतोच. तेथेही वृक्ष होते, वेली होत्या, प्रीती तर होतीच. परंतु राजसभेत उभे राहण्याची वेळ आली तेव्हा त्या विवाहाची खूण म्हणून एक अंगठी काय ती होती आणि ती पाण्यात पडली होती. नाथमहाराजांनी १५७१ साली रामनवमीस काशीतच पूर्ण केलेले 'रुक्मिणीस्वयंवर' उपवर मुलींना वाचावयास देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या कथेतील वधू नगराबाहेरच्या अंबिकेच्या देवळातून पळविली गेली खरी, परंतु भागवताप्रमाणे तिचा विवाह पुढे द्वारकेत सर्व जनांसमक्ष यथाविधी लागला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील माधवपूरचे लोक मात्र मानतात की तो त्यांच्या गावच्या मधुवनात लागला, आणि दर चैत्रात रामनवमीपासून तेथे मेळा भरवून त्या विवाहाचा सोहळा करतात. म्हणजे रान चालते. चालत नाही ती चोरी.

आजीचा राग वेगळ्या कारणाचा होता. "उघड्यावर लग्न म्हणजे मांडवाची शोभा गेली," असे तिचे म्हणणे. वस्तुतः मांडव म्हणजे दारी आणलेले रानच नव्हे काय? मुहूर्तमेढ झाडाची, खांब केळीचे, तोरण आंब्याच्या डहाळ्यांचे. मराठा कुळांतून देवक बसवितात ते बहुधा कळंबासारख्या एखाद्या झाडाच्या डहाळीचे. आणि एक देवक असलेल्या घराण्यांत सोयरीक होत नाही, इतके ते झाड घरातले. वारली लग्नात भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात, त्याभोवती झाडे आणि प्राणी दाटीने उभे असतात, आणि विधी सांगणारी धवलेरी ही स्त्री असते. आणि तुळशीचे लग्न? ते तर दरसाल अंगणात, उसाच्या मांडवाखाली लागते. तुळशीला कधी कार्यालय आरक्षित करावे लागले नाही, असे मी आईला लिहिले. त्याचे उत्तर तिने दिले नाही. तिच्यापुरती ती संमतीच समजावयाची.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर यांपैकी एकाच्या पक्षाच्या रूढ विधींनी विवाह व्हावा लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. त्यात छप्पर, वाजंत्री, आहेर यांचा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. २०२४ साली असेही स्पष्ट केले की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, आणि विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, अशी कानउघाडणीही केली. ज्यांना धार्मिक विधी नको असतील त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस व तीन साक्षीदार लागतात, आणि जादा शुल्क भरल्यास अधिकारी वाजवी अंतरावरील ठिकाणीही येऊ शकतो. साधेपणाचा प्रयोग आपल्याकडे नवाही नाही. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह १८७३ च्या डिसेंबरात लागला, तो पुरोहितावाचून.

आता रानाकडे वळू. तरुण मंडळी 'रान' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सरकारी जंगल असते. तो विचार प्रथम सोडावा. राखीव वनात आगंतुकासारखे शिरणे व विस्तव पेटविणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि होम म्हणजे विस्तवच. देवराईचेही नाव घेऊ नये. जेथे वाळकी काडीसुद्धा उचलावयाची नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत, तेथे दीडशे माणसांच्या चपला आणि पत्रावळी नेण्याचा आपल्याला अधिकार नाही. जागा खाजगी असावी, धन्याची लेखी परवानगी असावी आणि मोटार जेथवर जाते तेथून मांडवापर्यंतचे अंतर एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर स्वतः चालून पाहावे. आम्ही भोर तालुक्यातील एका स्नेह्याची आमराई निवडली.

ऋतूच्या बाबतीत माझा एक कटू अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका वैशाखातल्या लग्नात, अक्षता हातात असतानाच वळवाचा वारा सुटला. कनाती उडाल्या, भाताच्या पातेल्यात माती गेली आणि नवरदेवाला बैलाच्या गोठ्यात उभे करावे लागले. तेव्हापासून वैशाख मी वर्ज्य मानतो. पुतणीला माघ हवा होता, कारण आंब्याला मोहोर असतो. बागेच्या राखणदाराने तिला शांतपणे समजावून सांगितले की मोहोरावर तुडतुडे असतात आणि त्यांचा चिकटा खाली ठिबकतो. शालूवर पडला की निघत नाही. एवढे ज्ञान मला एम. ए. होऊनही नव्हते. मग मार्गशीर्ष ठरला, धनुर्मास लागण्यापूर्वीचा. त्या दिवसांत सायंकाळ गार होते आणि अंधार पडला की दव धरते, म्हणून गोधूलिक मुहूर्ताचा मोह टाकून सकाळी अकराचा धरला. त्यामुळे दिव्यांचा, जनरेटरच्या घरघरीचा आणि दिव्यांवर झेपावणाऱ्या किड्यांचा प्रश्न आपोआप मिटला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला असलेल्या बंदीचीही चिंता उरली नाही; अर्थात आम्ही तो आणणारच नाही.

राखणदारानेच दुसरी गोष्ट दाखविली. बागेच्या उत्तर टोकाला जुन्या सादड्यावर आग्यामोहोळ होते. होमाचा धूर आणि ढोलाचा दणका यांनी ते उठले तर वऱ्हाडाची काय अवस्था होईल, याची कल्पना करवत नाही. म्हणून मांडव दक्षिण टोकाला, मोहोळापासून दूर आणि वाऱ्याचा रोख पाहून घातला आहे. ढोल रद्द, सनई ठेवली आहे. होमकुंडाखाली वाळूचा जाड थर, भोवती पाचोळा झाडून काढलेली मोकळी जमीन आणि हाताशी पाण्याने भरलेल्या बादल्या, ही व्यवस्था मी स्वतः पाहणार आहे. पिण्याचे पाणी टाकीने येईल. स्त्रियांसाठी शौचालयाची सोय कोठे, हे पहिल्या यादीत कोणीही लिहिले नव्हते; ते माझ्या वहिनीने लिहिले आणि त्यासाठी आमच्या भोजनखर्चातून एक पक्वान्न कमी केले. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. पत्रावळी पळसाच्या, आणि उष्टे उचलून नेण्यासाठी दोन माणसे वेगळी सांगितली आहेत.

माझा भाऊ बराच काळ गप्प होता. त्याचे कारण उशिरा कळले. कार्यालयाचा खर्च भागविण्यासाठी त्याने भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज आधीच करून ठेवला होता आणि मुलीचा बेत म्हणजे आपल्या ऐपतीवरची दया आहे, असे त्याने मनात घेतले होते. मी मध्यस्थी केली नाही. पुतणीने त्याला बागेत नेले, कोणत्या झाडाखाली कोण बसेल ते दाखविले आणि कन्यादानाच्या वेळी आईबाबा पूर्वेकडच्या मोठ्या आंब्याखाली बसतील असे सांगितले. परत येताना त्याने तो अर्ज मागे घेतल्याचे मला फोनवर कळविले.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. आईने शेवटी एकच विचारले, "तिथे टेकायला काही असेल ना रे?" पाठ असलेल्या बारा खुर्च्या मी कालच सांगून ठेवल्या.