जंतूची ओळख कशी पटते?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हजारो माणसे त्यात गेली. ती आठवण या भागात पुसली जाणार नाही. पण त्यानंतर वर्ष पुरे व्हायच्या आत मराठवाड्यावर दुसरी धास्ती आली होती, तिची आठवण मात्र पुसट झाली आहे. ऑगस्ट 1994 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवा झाल्या आणि माणसांना तापाबरोबर गाठी येऊ लागल्या. भूकंपाच्या भीतीने लोक घराबाहेर राहिले आणि घरात साठवलेल्या धान्यावर उंदीर पोसले, असे एक कारण तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. लाखो लोक शहर सोडून निघाले. अनेक देशांनी भारताची विमाने बंद केली.

आणि त्याच वेळी तज्ज्ञांमध्ये वाद सुरू झाला, की हा खरोखर प्लेगच आहे का? 1966 नंतर आपल्या देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. मग आताचा रोग प्लेग आहे, हे ठरवायचे कसे? हा प्रश्न समजून घेतला, तर दवाखान्यातून आपण आणतो त्या रिपोर्टाचा अर्थही कळतो.

पहिली पायरी रंगाची. जंतू जवळजवळ पारदर्शक असतात, नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट दिसत नाहीत. म्हणून गाठीतले पाणी, पू किंवा बेडका काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा आणि रंगवायचा. 1884 मध्ये हान्स ख्रिस्तियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टराने शोधलेली रीत आजही जगभर वापरतात. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी लाल रंग. ज्या जंतूंची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची पातळ, त्यांचा जांभळा रंग धुतला जातो आणि ते लालसर दिसतात. पाच-दहा मिनिटांच्या कामात जंतूंचे दोन मोठे गट वेगळे होतात.

प्लेगचा जंतू लालसर गटातला. ठरावीक रंगांनी रंगवला, की त्याची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो, अगदी सेफ्टीपिनेसारखा. पण इथेच सावध राहावे लागते. असे दिसणारे आणखीही जंतू आहेत. दुरून चालणाऱ्या माणसाच्या अंगातला सदरा ओळखीचा वाटला, म्हणून तो आपलाच माणूस असे होत नाही. रंग संशय देतो, पुरावा देत नाही.

पुराव्यासाठी जंतू वाढवावा लागतो. आपल्या घरातले विरजण हेही जंतूंची वाढच आहे. चमचाभर विरजणात असलेले जंतू रात्रभरात पातेलेभर दुधाचे दही करतात. प्रयोगशाळेत दुधाऐवजी पोषक द्रव्ये घातलेला अगार असतो. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेला, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळणारा पदार्थ. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. हेस यांच्या पत्नी फॅनी यांनी तो सुचवला. त्याआधी वापरात असलेले जिलेटिन उबेने वितळून जाई. अगार मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही वितळत नाही. त्यावर एकेका जंतूपासून एकेक ठिपका वाढतो. तो उचलून पुढच्या तपासण्या करता येतात. शिवाय औषधाच्या चकत्या ठेवून कोणत्या औषधाभोवती जंतू वाढत नाहीत, हेही पाहता येते.

प्लेगच्या जंतूची वाढ ओळखण्याची एक रीत तर मुंबईतली आहे. 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाठोपाठ आलेल्या वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करताना मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. भांडे अजिबात न हलवता ठेवले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. जराही धक्का लागला की झुंबर तुटून तळाशी बसते. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळला गेली, तीच आजची हाफकिन संस्था.

आता 1994 कडे वळू. प्लेगचा जंतू सावकाश वाढतो. अगारवर नीट दिसायला त्याला दोन दिवस लागतात. त्यातच सुरतेत टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांसाठी झुंबड उडाली होती. औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सहसा वाढत नाही. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि काचपट्ट्या प्लेगकडे बोट दाखवत असूनही वाद मिटेना. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने 1995 मध्ये हा प्लेगच होता असा निष्कर्ष दिला. सुरत आणि बीडकडे मिळालेल्या जंतूंच्या जनुकांची तपासणी करून 2000 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला पुष्टी दिली. पिसवा मारणे, रुग्ण वेगळे ठेवणे, औषध देणे हे उपाय संशयावरच करावे लागतात आणि ते करावेतच. पण नमुना आधी, गोळी नंतर, एवढा क्रम पाळला तर वर्षानुवर्षांचा वाद टळतो.

प्लेग दुर्मीळ आहे, क्षय घरोघरच्या ओळखीचा. त्यातही हेच दोन टप्पे आहेत. क्षयाच्या जंतूवर मेणासारखे आवरण असते. गरम करून दिलेला लाल रंग तो आम्लाने धुतला तरी सोडत नाही, म्हणून निळ्या पट्टीवर लाल काड्या दिसतात. पण त्या दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे पाच ते दहा हजार जंतू लागतात. वाढ करून पाहिली तर शंभराहून कमी जंतूही सापडू शकतात. मात्र अंड्यापासून केलेल्या माध्यमावर त्यांना सहा ते आठ आठवडे लागतात, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा ते वीस तास घेतो. आता सीबीनॅट यंत्र दोन तासांत जंतूचा जनुकीय अंश शोधते. पण मेलेल्या जंतूचा अंशही त्याला सापडतो. उपचार घेत असलेल्या रुग्णाच्या शरीरात जिवंत जंतू उरलेत का, हे सांगायला वाढच लागते.

म्हणून मला तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. थुंकी आणि बेडका एक नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून छातीतला बेडका द्यावा. काचपट्टीवर काही दिसले नाही, पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर 'काही निघाले नाही' म्हणून घरी बसू नये, पुढची तपासणी मागावी. आणि लघवीची, रक्ताची किंवा जखमेची तपासणी सांगितली असेल, तर मेडिकलमधून आणलेली जंतुनाशक गोळी त्याआधी घेऊ नये. घेतली असेल तर डॉक्टरांना सांगावे. रिपोर्टाला दोन-तीन दिवस लागले, तर ती प्रयोगशाळेची दिरंगाई समजू नये. जंतू आपल्या गतीने वाढतो. तेवढी वाट पाहिली, तर योग्य औषध पहिल्यांदाच मिळते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)