अ‍ॅड्रिनलची गाठ : शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे गेलेला असताना घामाने निथळणाऱ्या माणसाकडे कोणी रोगी म्हणून पाहत नाही. डोके ठणकले तर ऊन लागले, छातीत धडधडले तर पित्त झाले, अशी घरगुती निदाने तयारच असतात आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरतात. परंतु डोकेदुखी, धडधड आणि घाम ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी अचानक उसळत असतील, थोड्या वेळाने आपोआप ओसरत असतील आणि त्या क्षणी मोजलेला रक्तदाब फार वर गेलेला असेल, तर मूत्रपिंडाच्या माथ्यावरील एका छोट्या ग्रंथीचा विचार व्हायला हवा.

ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी वजनाने जेमतेम चार-सहा ग्रॅमची असते. तिचा गाभा मज्जातंतूंच्याच कुळातील पेशींचा बनलेला असून तो अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरके रक्तात सोडतो. या गाभ्यातील गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तशीच गाठ ग्रंथीबाहेर, मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या साखळीवर, महाधमनीजवळ किंवा क्वचित मूत्राशयाच्या भिंतीत झाली, तर ती पॅरागँग्लिओमा. मूत्राशयातील गाठीच्या रुग्णाला लघवी करतानाच झटका येतो, ही खूण डॉक्टरांना सांगायला रुग्ण बहुधा संकोचतात.

उच्च रक्तदाबाच्या हजार रुग्णांत असे दोन ते सहाच सापडतात. निदानासाठी रक्तातील किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन या घटकाचे प्रमाण मोजतात. रक्ताचा नमुना रुग्णाला वीस-तीस मिनिटे शांत पडून राहायला लावून घ्यावा, अन्यथा आकडा फसवतो. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय. पोटाची सोनोग्राफी भलत्याच कारणासाठी करताना ही गाठ अचानक दिसते, असेही घडते. अशा वेळी ही तपासणी झाल्याखेरीज त्या गाठीत सुई घालू नये. सुईच्या धक्क्याने संप्रेरकांचा लोंढा सुटून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. उलटी थांबवण्यासाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शनही असाच झटका आणू शकते.

उपाय एकच, गाठ काढून टाकणे. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी यशस्वीपणे काढल्या. मेयो यांना तर पोट उघडल्यावरच गाठ सापडली होती. त्यांचे रुग्ण वाचले, पण नंतरच्या कित्येक वर्षांत टेबलावरच दगावणाऱ्यांची संख्या मोठी होती. आज अनुभवी हातांत हे प्रमाण शंभरात दोन-तीनपर्यंत किंवा त्याहूनही खाली आले आहे. त्याचे श्रेय सुरीइतकेच, किंबहुना अधिक, पूर्वतयारीला द्यावे लागते.

संप्रेरकांच्या सततच्या माऱ्याने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि त्यांतील द्रवही घटलेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी किमान ७ ते १४ दिवस प्राझोसिन किंवा फिनॉक्सीबेन्झामिनसारखे अल्फा-ब्लॉकर औषध हळूहळू वाढवत दिले जाते. फिनॉक्सीबेन्झामिनने नाक चोंदते, ते औषध लागू पडल्याचे एक लक्षण. धडधडीसाठीचे बीटा-ब्लॉकर मात्र अल्फा-ब्लॉकरनंतरच द्यायचे असते. क्रम उलटला तर रक्तदाब भडकतो. याच काळात रुग्णाला भरपूर पाणी पिण्यास आणि मीठ वाढवण्यास सांगितले जाते. रक्तदाबामुळे वर्षानुवर्षे मीठ तोडलेल्या माणसाला कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी पुन्हा मोकळेपणाने खायला सांगणारा हा बहुधा एकमेव आजार असावा! हा सल्ला अर्थात फक्त या तयारीपुरता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाळायचा असतो. बसून रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि उभे राहिल्यावर वरचा आकडा ९० च्या वर, असा मेळ जमला की तयारी झाली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाची भूमिका शल्यविशारदाच्या तोडीची असते. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाबाचा प्रत्येक ठोका पाहिला जातो. गाठीला हात लागताच तो उसळतो, आणि गाठीची मुख्य शीर बांधताच कोसळतो. दोन्हींसाठी औषधे हाताशी लागतात. उजवीकडील शीर आखूड असून थेट महाशिरेत शिरते, त्यामुळे तिथे चुकीला वाव नाही. १९९२ मध्ये माँट्रियलच्या मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून अ‍ॅड्रिनल काढण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून सुमारे सहा सेंटीमीटरपर्यंतच्या बहुतेक गाठी लहान छिद्रांतून निघतात. त्याहून मोठ्या किंवा आजूबाजूला चिकटलेल्या गाठींसाठी, तसेच बऱ्याच पॅरागँग्लिओमांसाठी पोट उघडणेच शहाणपणाचे. गाठ फुटली तर तिच्या पेशी पोटात रुजतात. ऑपरेशननंतर पहिला दिवस-दोन दिवस रक्तातील साखर एकदम उतरू शकते, तिच्यावरही लक्ष लागते.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सीटी स्कॅन किंवा फिजिशियन यांची इथे वानवा नाही. उणीव असते ती शंकेची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एंडोक्रायनॉलॉजी विभागाला अशा रुग्णांचा दीर्घ अनुभव आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला रुग्ण सकाळी मुंबईत पोहोचतो. शस्त्रक्रिया तिथे ठरली, तरी औषधे सुरू झाल्यावर तयारीचे बरेचसे दिवस गावातच, स्थानिक डॉक्टरांनी रोज रक्तदाब पाहत काढता येतात.

गाठ निघाल्यावर प्रकरण संपत नाही. पूर्वी या गाठींची साधी आणि कर्करोगाची अशी विभागणी होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ती सोडली, कारण कोणती गाठ पुढे पसरेल हे सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे किमान दहा वर्षे दरवर्षी तपासणी हवी. तीनांतील एका रुग्णात, किंवा त्याहूनही अधिक जणांत, हा दोष आनुवंशिक असतो. त्यांना ही तपासणी जन्मभराची. एसडीएचबी जनुकात बिघाड असेल तर गाठ पसरण्याचा धोका विशेष. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या तर स्टेरॉइडच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यामुळे शक्य तिथे ग्रंथीचा बाहेरचा थर राखला जातो. जनुकीय दोष सापडल्यास रुग्णाची भावंडे आणि मुले यांचीही तपासणी केली जाते, त्यांना एकही झटका आलेला नसला तरी.