पंचमाशेजारचे १०० हर्ट्झ

हेडफोनच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधलं हमिंग शोधायला बसण्यापूर्वी मी एक हिशेब डोक्यात पक्का करून घेतो. एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा हजारावा भाग, एवढी भेसळ साध्या घरगुती स्पीकरपर्यंत पोचली तर एक मीटर अंतरावर जेमतेम १९ डेसिबल आवाज होतो. राहत्या घरात तो कुणाला ऐकू येणार नाही. तोच एक मिलिव्होल्ट सेन्हायझरच्या एचडी ६५० हेडफोनला मिळाला की कानाशी ४३ डेसिबल भरतात. कारण इथे कान आणि आवाज यांच्यामध्ये खोलीच नसते. स्पीकरसाठी अगदी शांत ठरलेली बांधणी हेडफोनला गोंगाटाची ठरते ती यामुळे.

दुसरी गोष्ट कानाची. खालचे स्वर आपल्याला फार कमी ऐकू येतात. ५० हर्ट्झचा स्वर कळायला साधारण ४४ डेसिबल लागतात, तर १०० हर्ट्झला सव्वीस-सत्तावीस पुरतात. म्हणजे आपल्या विजेची मूळ ५० हर्ट्झची गुणगुण एक मिलिव्होल्ट असली तरी कदाचित कळणारही नाही, पण रेक्टिफायरमधून दुप्पट होऊन आलेली १०० हर्ट्झची तेवढीच गुणगुण स्पष्ट ऐकू येते. मीटरवर दोन्ही आकडे सारखे असतात. म्हणून मी मल्टीमीटर बाहेर काढण्याआधी हेडफोन कानाला लावतो आणि बराच वेळ नुसता ऐकत राहतो.

ज्या ॲम्प्लिफायरबद्दल लिहितो आहे तो पुण्यातल्या एका गानशिक्षिकेचा. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्यांच्या भाच्याने तो हौसेने जोडून दिला होता. पुढे एक ईसीसी८२ व्हॉल्व्ह, दोन्ही बाजूंच्या आवाजांसाठी एकच बाटली, आणि मागे ६०८०. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. तीनशे ओहमच्या हेडफोनला ही रचना फार छान मानवते. बाईंनी तक्रार सांगितली तीही त्यांच्या पद्धतीने. "आवाज येतो असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तानपुरा लागलेला वाटत नाही. पहिली तार हेलकावते. आणि सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये नाही हं, काहींतच."

हे वाक्य ऐकूनच अर्धं निदान झालं. गायकाचा षड्ज पांढरी एकचा असेल, तर तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचम, साधारण ९८ हर्ट्झवर असते. तिच्या शेजारी १०० हर्ट्झची गुणगुण येऊन बसली की दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे देतात. काळी एकमध्ये तोच पंचम १०४ च्या जवळ जातो आणि हेलकावे वाढून चार होतात. दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पंचम आणखी लांब गेला की हे काहीच जाणवत नाही. बाईंच्या "काहींतच"चा खुलासा एवढा सरळ होता. शिवाय दोष ५० चा नाही, १०० चा आहे, हेही त्यांच्या कानाने सांगून टाकलं. म्हणजे फिलॅमेंटच्या तारांकडे नंतर पाहायचं आणि पॉवर सप्लायकडे आधी.

तरीही सुरुवात घरापासूनच करावी लागते. दोष कुठे आहे हे शोधण्यापेक्षा तो कुठे नाही हे ठरवत जाणं जास्त लवकर होतं. त्यांचा लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला. फरक नाही, म्हणजे दोन अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह नाही. छताचा पंखा बंद केला तेव्हा मात्र वरची बारीक चरचर गेली. खोलीत ट्रायॅकचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. तो प्रत्येक अर्ध्या लाटेत वीज तोडून जोडतो आणि त्या तोडण्याचा आवाज वायरिंगभर पसरतो. जुने डब्याएवढे रेग्युलेटर तापायचे, पण असला त्रास देत नसत. हल्लीचे कंडेन्सरवर चालणारे, ठरावीक पायऱ्यांचे रेग्युलेटरही शांत असतात. तो एक बदलून घ्यायला सांगितला. सॉकेटचं अर्थिंग तपासलं, ते नीट होतं. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या पेटीत दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट डीसी खेळतात, तिच्या पत्र्याचं अर्थिंग काढणं हा जिवाशी खेळ आहे, आणि कुठल्याही संगीतासाठी तो करू नये.

मग इनपुटला शॉर्टिंग प्लग लावला. आतल्या पिनची बाहेरच्या कड्याशी गाठ घातलेला साधा आरसीए प्लग. माझ्या पेटीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार. हमिंग तसंच राहिलं, म्हणजे ते बाहेरून येत नव्हतं. व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर नेला. हमिंग मधल्या भागात वाढून दोन्ही टोकांना कमी झालं असतं, तर ग्रिडच्या तारेत शिरणारी भेसळ समजलो असतो, कारण एक लाख ओहमचा पॉट विजेच्या दृष्टीने मधोमध सर्वांत उघडा असतो. इथे ते कुठेही हललं नाही. पॉटच्या दांडीला बोट लावून पाहिलं, तेव्हाही फरक नाही. म्हणजे पॉटचा पत्रा जमिनीला नीट जोडलेला होता. बंद करून ईसीसी८२ काढला आणि पुन्हा चालू केलं. या रचनेत दोन व्हॉल्व्हच्या मध्ये कपलिंग कंडेन्सर असल्यामुळे हे करता आलं. पुढच्या व्हॉल्व्हची प्लेट मागच्याच्या ग्रिडला थेट जोडलेली असते त्या ॲम्प्लिफायरमध्ये हे कधीच करू नये, मागचा व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढू लागतो. ईसीसी८२ काढल्यावर हमिंग जवळजवळ गेलं. म्हणजे ते पहिल्या टप्प्यात शिरत होतं आणि तिथून पंधरा-एक पट मोठं होऊन बाहेर पडत होतं.

आता पेटी उलटी करणं आलं. प्लग भिंतीतून काढायचा, दहा हजार ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर लावून फिल्टर कंडेन्सर अर्धं मिनिट रिकामे करायचे, मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करायची. चालू असताना मोजायचंच असेल तर डावा हात पाठीमागे ठेवायचा. हे सगळं मी दर वेळी करतो, अगदी एका तारेची जागा बदलायची असली तरी.

इथे एक सवय सोडून द्यावी असं मला कळकळीने वाटतं. १०० हर्ट्झचं हमिंग म्हटलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो, कंडेन्सर मोठा करा. कंडेन्सर सुकला असेल तर हे बरोबर आहे. पण रिपल, म्हणजे रेक्टिफायरनंतर डीसीवर उरलेली लाट, आणि जमिनीच्या तारेतली भेसळ यांच्या आवाजात फरक असतो आणि तो ऐकता येतो. फिल्टरमधून गाळून आलेला रिपल गोल, मऊ, घुमणारा असतो. बाईंच्या ॲम्प्लिफायरमधल्या आवाजाला कड होती. १०० च्या वर २००, ३००, ४०० अशी चढती माळ होती, भुणभुण म्हणावी अशी. ही माळ रेक्टिफायरच्या ठोक्यांमधून येते. अशा वेळी पहिला कंडेन्सर वाढवला तर ते ठोके आणखी अरुंद आणि उंच होतात, आणि दोष वाढतो.

हे ठोके असे. या ॲम्प्लिफायरची एकूण ओढ साधारण ७५ मिलिअँपिअर. पण पहिला कंडेन्सर दर अर्ध्या लाटेच्या माथ्यावर क्षणभरच भरला जातो, त्यामुळे त्या क्षणी प्रवाह चारशे-पाचशे मिलिअँपिअरपर्यंत जातो. तो ट्रान्सफॉर्मरपासून कंडेन्सरकडे आणि परत, एवढ्याच फेऱ्यात राहायला हवा. भाच्याने तार नीटनेटकी ओढली होती, डाखही सुरेख दिले होते, पण इनपुटची जमीन नेऊन जोडली होती रेक्टिफायर आणि पहिला कंडेन्सर यांच्या मधल्या टॅगवर. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा अडीच सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे जेमतेम एक मिलिओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला की अर्धा मिलिव्होल्ट. तो इनपुटच्या जमिनीत मिसळला की पहिला व्हॉल्व्ह त्याला गाणं समजून पंधरा पट करतो, आणि हेडफोनला सात-आठ मिलिव्होल्टांचे ठोके मिळतात. तारेच्या बोटभर तुकड्याने पंचम हेलकावत होता.

ती जमीन तिथून सोडवली आणि क्लिपने तात्पुरती दुसऱ्या, गाळलेल्या कंडेन्सरच्या ऋण टोकाला लावली. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापायला लागतो तो वेळ मला नेहमी लांबलचक वाटतो. भुणभुण गेली होती. मग कायमचा डाख दिला, आणि पत्र्याशी जोड फक्त एकाच ठिकाणी, इनपुट सॉकेटजवळ ठेवली.

पण या कामात एक गोष्ट दर वेळी घडते. मोठा आवाज गेला की त्याच्यामागे दडलेला दुसरा ऐकू येतो. आता खाली अगदी मंद, खोल ५० हर्ट्झ शिल्लक राहिले होते. त्याला कड नव्हती, माळ नव्हती. हा फिलॅमेंटचा. ६०८० ला अडीच अँपिअर आणि ईसीसी८२ ला ०.३ अँपिअर, दोन्ही ६.३ व्होल्ट एसीवर. इतका प्रवाह वाहून नेणाऱ्या तारा पीळ न देता समांतर सोडल्या होत्या आणि ग्रिडची तार त्यांच्या सोबत काही अंतर धावत होती. तारांना घट्ट पीळ दिला, त्या पत्र्याच्या कोपऱ्यात दाबून नेल्या, ग्रिडच्या तारेला त्यांना काटकोनात ओलांडायला लावलं. शिवाय फिलॅमेंटच्या वळणाचं एक टोक सरळ जमिनीला जोडलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या टोकावर पूर्ण ६.३ व्होल्ट हेलकावत होते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले शंभर ओहमचे दोन रेझिस्टर दोन्ही टोकांना लावून त्यांचा मधला बिंदू जमिनीऐवजी पन्नास व्होल्ट डीसीवर बसवला. ते पन्नास व्होल्ट उच्च दाबाच्या ओळीतूनच विभागून मिळतात. फिलॅमेंट कॅथोडपेक्षा वरच्या दाबावर राहिलं की त्यातून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन गळायचे थांबतात. खर्च काही रुपयांचा. मीटर ०.२ मिलिव्होल्टवर आला.

त्यानंतर डाव्या कानात आणखी एक आवाज, फोडणीत मोहरी तडतडावी तसा अधूनमधून. व्हॉल्व्हवर पेन्सिलच्या रबराने हलके टिचकी मारली, खणखणला नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओंसाठी बनवलेला एक जुना ईसीसी८२ माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तो घालून पाहिला, तडतड तशीच. सॉकेटच्या पिना साफ केल्या, तरी तशीच. शेवटी प्लेटचा रेझिस्टर संशयात आला. जुन्या रेडिओतून काढलेला कार्बन कंपोझिशनचा होता. कार्बनच्या कणांतून डीसी वाहते तेव्हा तापमानाच्या आवाजाशिवाय एक जादा आवाज तयार होतो, आणि रेझिस्टरवर जितके जास्त व्होल्ट तितका तो जास्त. प्लेटचा रेझिस्टर ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. एक वॅटचा मेटल फिल्म लावला, तडतड थांबली. दिसायला जुने रेझिस्टर फार देखणे असतात हे मान्य, पण पहिल्या टप्प्यात ते नकोत.

जी उरली ती सपाट, एकसारखी सळसळ, पूर्ण शांततेत कान देऊन ऐकली तरच कळणारी. ती काढायच्या मागे लागू नये. कॅथोडवरून इलेक्ट्रॉन एकेक करून निघतात, म्हणून प्रवाहाला कण असतो, हे वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये व्हॉल्व्हचाच अभ्यास करताना दाखवलं. कुठल्याही रेझिस्टरमध्ये केवळ तो उबदार आहे म्हणून आवाज असतो, हे बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन्सन यांनी मोजलं आणि नायक्विस्ट यांनी समजावून सांगितलं. दोघांचे लेख १९२८ चे. बाईंच्या पॉटच्या मधल्या स्थितीत असा आवाज तीन मायक्रोव्होल्टांच्या आसपास येतो. व्हॉल्व्हमधून मोठा होऊनही तो कानाशी सोळा-एक डेसिबल भरतो. रात्रीच्या खोलीचा स्वतःचा आवाज याहून बराच जास्त असतो.

बाईंनी पांढरी एकमधलीच एक जुनी मैफल लावली. विलंबित सुरू होण्याआधी तानपुरे एकटे वाजतात तेवढंच त्यांना ऐकायचं होतं. ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "मागे ही सूं सूं आहे ती कुणाची?" ती टेपची होती. ॲम्प्लिफायरच्या सळसळीपेक्षा कितीतरी वर, मूळ रेकॉर्डिंगमध्येच बसलेली. ती ऐकू येते आहे म्हणजे आता मधलं यंत्र तिच्या आड येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. तिला सॉफ्टवेअरने घासून काढलेली रेकॉर्डिंग्ज मला आवडत नाहीत. त्यात जव्हारीचा बारीक झंकारही निघून जातो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फ्रिज चालू होताना एक टक् ऐकू येतो. तो विजेच्या तारेतून येतो. ॲम्प्लिफायर फ्रिजच्या सर्किटवरून काढून पुढच्या खोलीतल्या दुसऱ्या सर्किटवर लावून पाहायला सांगितलं आहे. तरी राहिला, तर प्लगशी एक्स२ दर्जाचा कंडेन्सर बसवू.