डेक बदलण्याआधी

मोटारगाडीबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेली संगीतयंत्रणा काढून तिच्या जागी बाजारातून स्वतंत्रपणे विकत घेतलेली यंत्रणा बसवणे, हे काम चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गाडीमालकांना नवे नाही. या यंत्रणेला कोणी ‘डेक’ म्हणतो, कोणी ‘म्युझिक सिस्टीम’ म्हणतो, आणि कॅसेट केव्हाच हद्दपार झाली असली तरी ‘टेप’ हा शब्दही अजून टिकून आहे. जुना डेक बिघडलेला असतो, गाडीच्या स्वस्त श्रेणीत कंपनीने तो दिलेलाच नसतो किंवा मोठ्या पडद्यावर नकाशा आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्र हवे असते, अशा कारणांनी गाडी कार-डेकोरच्या दुकानात जाते आणि तेथे निवड बहुधा पडद्याच्या इंचांवरून होते. ज्या प्रदेशात मैलोगणती नुसते जंगल लागते, मोबाइलचा टॉवर वाटेतच मागे सुटतो आणि उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेथे मात्र पडद्यापेक्षा पडद्यामागच्या वायरींना अधिक महत्त्व आहे.

कोणत्याही कंपनीचा डेक कोणत्याही कंपनीच्या गाडीत बसवता येतो, याचे मूळ जर्मनीच्या मानकसंस्थेने ठरवलेल्या एका मापात आहे. त्या संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डिन’ हा शब्द रूढ झाला. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाच म्हणजे ‘सिंगल डिन’, तर तेवढीच रुंद पण १०० मिलिमीटर उंच खाच म्हणजे ‘डबल डिन’. अलीकडच्या गाड्यांत पडदा डॅशबोर्डच्या घडणीतच मिसळलेला असल्यामुळे ९ किंवा १० इंची डेक बसवताना त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेली प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘फ्रेम’, घ्यावी लागते. ती नेमक्या मापाची नसेल तर पहिल्याच खराब रस्त्यावर डॅशबोर्ड खडखडू लागतो.

माप जुळले तरी खरे काम त्यानंतर सुरू होते. डेकच्या पाठीमागे वायरींचा जो जुडगा असतो, त्याच्या टोकाला एकमेकांत खटकन बसणारे प्लॅस्टिकचे जोड असतात, त्यांना ‘कपलर’ म्हणतात. गाडीचा कपलर आणि नव्या डेकचा कपलर सहसा सारखे नसतात, म्हणून दोहोंच्या मध्ये बसणारा तयार जोड मिळतो. तो वापरला तर गाडीची एकही वायर कापावी लागत नाही आणि पुढे कधीही मूळ डेक परत बसवता येतो. घाईच्या कामात मात्र वायरी कापून, पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली जाते. उन्हाळ्याच्या उष्णतेने ती पट्टी सुटते, उघडी तार पत्र्याला टेकते आणि फ्यूज उडण्यापासून वायर जळण्यापर्यंत काहीही घडू शकते.

बाजारातील बहुतेक डेकच्या वायरींचे रंग ठरलेले असतात आणि ते गाडीमालकालाही ओळखता आले पाहिजेत. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा प्रवाह आणते आणि घड्याळ व जुळवलेली केंद्रे स्मरणात ठेवते. लाल वायरीला किल्ली फिरवल्यावरच प्रवाह मिळतो आणि डेक सुरू होतो. काळी वायर गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे ‘अर्थिंग’ला, जोडली जाते. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या वायरी, त्यांच्या काळ्या रेघेच्या जोडीदारांसह, चार स्पीकरकडे जातात. हे रंग डेकचे असतात, गाडीचे नव्हेत. गाडीकडील रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असल्याने ते मीटरने तपासूनच जोडावे लागतात. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद करताच डेक सारे विसरतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे लाल वायरीची योग्य जागा सापडत नाही म्हणून ती पिवळीलाच बांधून टाकणे. मग किल्ली काढली तरी डेक पुरता झोपत नाही. समजा त्याने सतत केवळ १ अँपिअर प्रवाह ओढला, तर १२ तासांच्या रात्रीत १२ अँपिअर-तास खर्च होतात, आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. दोन रात्रींनंतर ती गाडी सुरू होण्याची खात्री उरत नाही. चंद्रपूर शहरात अशा वेळी मेकॅनिकला बोलावता येते, पण भामरागड किंवा कोरचीच्या वाटेवर धक्का मारण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी तर धक्क्यानेही सुरू होत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती निळी वायर. अनेक गाड्यांच्या छतावरच्या आखूड अँटेनाच्या मुळाशी लहरींना बळ देणारे एक छोटे यंत्र असते, ज्याला ‘बूस्टर’ म्हणतात, आणि त्याला प्रवाह पुरवणे हे या वायरीचे काम असते. ती तशीच लोंबत राहिली तरी शहरात काही बिघडल्याचे जाणवत नाही, कारण प्रक्षेपण केंद्र जवळ असते. गाडी मूलच्या दिशेने जंगलात शिरली की मात्र आकाशवाणी चंद्रपूरचा आवाज खरखरीत बुडतो आणि दोष नव्या डेकला दिला जातो. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगर आणि दाट झाडी त्यांना अडवतात; मध्यम लहरी जमिनीला बिलगून दूरवर पोहोचतात. १९४८ साली सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर विदर्भाच्या दूरच्या गावांत ऐकले गेले ते याच गुणामुळे. नव्या पडदेवाल्या डेकपैकी काहींत मध्यम लहरींची सोयच नसते. ज्याला रेडिओ ऐकायचा आहे, त्याने खरेदीपूर्वी ‘एएम’ बटण आहे की नाही हे पाहून घ्यावे.

खोक्यावर छापलेल्या ‘४ × ५० वॅट’ या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. गाडी चालू असताना विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि स्पीकरचा विद्युतरोध बहुधा ४ ओहम. वेगळा अँप्लिफायर नसलेल्या साध्या डेकला या हिशेबाने प्रत्येक स्पीकरमागे स्वच्छ आवाजाचे जास्तीत जास्त २५ वॅट मिळतात. ५० हा आकडा क्षणिक आणि फाटलेल्या आवाजाचा असतो. आवाज सुधारायचा असेल तर पुष्कळदा डेकपेक्षा दारांतील स्पीकर बदलणे अधिक उपयोगी ठरते.

मूळ डेक केवळ गाणी वाजवत नाही, हेही विसरता येत नाही. स्टिअरिंगवरची बटणे आणि दार उघडे असल्याची सूचना यांसारखे संदेश आजच्या गाड्यांत ‘कॅन’ नावाच्या दोन तारांच्या सामायिक मार्गावरून फिरतात. १९८६ साली बॉश कंपनीने ही पद्धत जगापुढे मांडली. नव्या डेकला ती भाषा समजावी म्हणून मध्ये एक दुभाष्या डबी बसवावी लागते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत आणि काही मॉडेलांत त्यांचे चित्र मूळ डेकच्या पडद्यावरच उमटते. डेक निघाला की ते चित्रही जाऊ शकते.

आणखी एका वायरीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. हँडब्रेक ओढलेला असतानाच पडद्यावर व्हिडिओ दिसावा, यासाठी डेकला हँडब्रेकची वेगळी वायर दिलेली असते. ती सरळ अर्थिंगला जोडून ‘चालत्या गाडीत पिक्चर’ची सोय करून देणे हा राजरोस चालणारा प्रकार आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावर किंवा आलापल्लीच्या सागवनातून जाणाऱ्या वाटेवर चितळ, रानडुक्कर किंवा गुरे दिव्याच्या झोतात येतात तेव्हा चालकाच्या हाती दोन-तीन सेकंद असतात, आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर कापते. ती वायर आहे तशीच राहू द्यावी.

पडद्याचा खरा उपयोग नकाशासाठी आहे, पण त्यालाही एक अट आहे. गाडीचे स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून कळते आणि त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. नकाशाचे चित्र मात्र इंटरनेटवरून येते. म्हणून एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचा भागाचा नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून ठेवावा लागतो. उन्हाचीही वेगळी काळजी हवी. बंद गाडीचा डॅशबोर्ड मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांपलीकडे तापतो आणि बाजारातील पुष्कळ डेकची चालण्याची कमाल मर्यादा तेवढीच असते, त्यामुळे काचा उघडून गाडी थोडी निवल्यावरच डेक सुरू करणे हिताचे असते.

वायर कापल्यास विद्युतभागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि नवा डेक विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवला नसेल तर त्याच्या चोरीची भरपाई मिळत नाही. दुकानातून गाडी बाहेर काढण्यापूर्वी रेडिओ, चारही स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, सेन्सर आणि स्टिअरिंगची बटणे एकेक करून तपासावीत, किल्ली काढल्यावर पडदा खरोखर विझतो का हे पाहावे, आणि काढलेला मूळ डेक त्याच्या पट्ट्या व स्क्रूंसह मागून घेऊन घरी जपून ठेवावा. गाडी विकण्याच्या दिवशी त्याची किंमत कळते.